दर देशाचा, धोका कोणाचा?

व्हॅटिकन सिटी हा जगातला सर्वाधिक गुन्हेगारीचा देश आहे, असं आकड्यांच्या आधारे सहज सिद्ध करता येतं. 2002 या एका वर्षात तिथे 608 फौजदारी गुन्हे नोंदले गेले. तिथल्या सरकारी वकिलांनी ते आपल्या वार्षिक अहवालात मांडले, तेव्हा देशाची लोकसंख्या होती 455. म्हणजे माणशी एकाहून जास्त गुन्हा! दर लाख लोकसंख्येमागे हिशेब केला, तर हा दर एक लाख तेहेतीस हजारांच्या पुढे जातो. दुसरा कुठलाही देश त्याच्या आसपास फिरकत नाही.

अर्थात तिथले कार्डिनल, पाद्री आणि स्विस गार्ड एकमेकांची पाकिटं मारत नव्हते. त्या काळी सेंट पीटर्सच्या चौकात आणि बॅसिलिकेत वर्षाकाठी सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोक येत. गुन्हे बहुतेक त्यांच्यावरचे: खिसा कापणं, पर्स लांबवणं. चोर रोम शहरातून यायचा आणि काम उरकून चार पावलांवरची सीमा ओलांडून परत जायचा. भागाकारात अंशस्थानी पर्यटकांवरचे गुन्हे आणि छेदस्थानी फक्त रहिवासी, अशी ही गफलत आहे.

व्हॅटिकनचा आकडा इतका हास्यास्पद आहे की ही गफलत लगेच डोळ्यांत भरते. पण हीच गफलत उलट्या दिशेने आपण सर्रास करतो आणि ती लक्षातही येत नाही. दक्षिण आफ्रिका, मेक्सिको किंवा जमैकाच्या सहलीचा विषय निघाला की घरातलं कोणीतरी फोनवर खुनाचा दर शोधून काढतं आणि बेत रद्द होतो. तो दर रहिवाशांच्या खुनांना रहिवाशांच्या संख्येने भागून आलेला असतो. त्यात पर्यटक अंशातही जवळपास नसतो आणि छेदात तर मुळीच नसतो. मग त्या दरातून पर्यटकाला नेमकं काय कळतं?

खुनाचाच आकडा का?

देशांची तुलना करताना अभ्यासक चोरीचे किंवा मारहाणीचे आकडे सहसा वापरत नाहीत, खुनाचे वापरतात. चोरीची फिर्याद द्यायची की नाही हे ज्याची वस्तू गेली तो ठरवतो. ती घ्यायची की नाही, हे पुष्कळदा ठाण्यातला अंमलदार ठरवतो. मेक्सिकोची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था दरवर्षी घरोघर जाऊन विचारते, की तुमच्या घरात कोणावर गुन्हा घडला का आणि तुम्ही तो नोंदवलात का. या पाहणीत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते: नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्हे पोलिसांच्या तपासापर्यंत पोचतच नाहीत. मृतदेह लपवणं त्या मानाने कठीण. मेक्सिकोत तेही सर्वस्वी खरं नाही. तिथल्या बेपत्ता व्यक्तींच्या सरकारी नोंदीने 2022 मध्ये एक लाखाचा टप्पा ओलांडला. तरीही हाताशी असलेल्या आकड्यांत खुनाचा आकडाच सर्वांत भरवशाचा.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या हिशेबाने 2021 मध्ये जगात सुमारे 4 लाख 58 हजार खून झाले, म्हणजे दर लाखामागे 5.8. जपान आणि सिंगापूरमध्ये हा दर 0.3 च्या आत असतो. भारतात 2022 मध्ये खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले, दर 2.1. दक्षिण आफ्रिकेत 2022-23 या वर्षात 27,494 खून झाले, दर 45. दोन्ही देशांतल्या खुनांची संख्या जवळजवळ सारखी आहे, पण भारताची लोकसंख्या तेवीसपट आहे. दक्षिण आफ्रिकेत हिंसा किती बोकाळली आहे, हे समजायला एवढी एक तुलना पुरे.

इथपर्यंत वाचून बेत रद्द करणाऱ्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. पण हा आकडा उलगडून पाहिला की त्याचं रूप बदलतं.

निम्मे खून कुठे होतात?

दक्षिण आफ्रिकेत साधारण 1,150 पोलिस ठाणी आहेत. त्यांपैकी जेमतेम बारा-तेरा टक्के ठाण्यांच्या हद्दीत देशातले निम्मे खून होतात. यातलं सर्वांत बदनाम नाव केपटाऊनमधल्या न्यांगाचं. 2017-18 मध्ये या एकट्या ठाण्याच्या हद्दीत 308 खून झाले. त्याच शहरात टेबल माउंटन आहे, धक्क्यावरचा व्हिक्टोरिया अँड आल्फ्रेड वॉटरफ्रंट आहे, जिथे रात्री उशिरापर्यंत पर्यटकांची कुटुंबं आइस्क्रीम खात हिंडतात. दोन्ही ठिकाणं एकाच महापालिकेत, एकाच शहराच्या सरासरीत मोजली जातात.

ही दोन केपटाऊन आपोआप वेगळी झालेली नाहीत. 1950 च्या ग्रूप एरियाज कायद्याने कोणत्या वर्णाच्या माणसाने कुठे राहायचं हे सरकार ठरवू लागलं. शहराच्या मध्यावरचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा मिश्र वस्तीचा भाग 1966 मध्ये गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि तिथल्या हजारो कुटुंबांना डोंगरापलीकडच्या वालुकामय सपाटीवर, केप फ्लॅट्सवर, नेऊन टाकलं गेलं. शेजार तुटला, कामधंदा दूर गेला, आणि पुढच्या पिढीच्या पोरांना टोळ्यांनी आपल्यात ओढलं. वर्णभेदाचा कायदा गेला, पण त्याने आखलेला नकाशा राहिला. आजच्या खुनांचा नकाशा त्यावर ठेवून पाहिला तर दोन्ही बऱ्याच अंशी जुळतात. पर्यटकाला मिळणारं सुरक्षित केपटाऊन हे असं घडलेलं आहे.

मात्र या दोन शहरांमधली सीमा एका ठिकाणी फार पातळ आहे. केपटाऊनचा विमानतळच केप फ्लॅट्सवर आहे. विमानतळावरून शहराकडे जाणारा एन-2 हा महामार्ग न्यांगा, गुगुलेथू आणि लांगा यांच्या कडेने जातो. भाड्याची गाडी घेऊन निघालेला परदेशी माणूस फोनवरच्या नकाशाचं ऐकतो. नकाशाला अंतर आणि वेळ कळते, वस्ती कळत नाही. महामार्गावर गर्दी असली की तो जवळचा रस्ता सुचवतो, आणि तो रस्ता थेट न्यांगातून जातो. 2023 मध्ये असा आत शिरलेला एक अमेरिकी पर्यटक गोळी लागून जखमी झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टॅक्सीचालकांच्या संपाच्या धामधुमीत एक ब्रिटिश डॉक्टर याच भागात मारला गेला. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या पर्यटन मंत्रालयाने गूगलशी बोलणी करून अशा रस्त्यांबाबत नकाशात खबरदारी घ्यायला लावली.

क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचीही तीच गत. उद्यानाच्या आत लोक सिंहाच्या धास्तीने गाडीच्या काचा वर ठेवतात. माणसाची भीती तिथे फारशी नाही. पण ऑक्टोबर 2022 मध्ये उद्यानाच्या नुंबी प्रवेशद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जर्मन पर्यटकाची गोळ्या घालून हत्या झाली. उद्यानाला दुसरी प्रवेशद्वारं होतीच. तेव्हा दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्याने विचारायचा खरा प्रश्न 'देश सुरक्षित आहे का' यापेक्षा 'कुठल्या दाराने आत जायचं' हा आहे.

मेक्सिकोत हा फरक आणखी ठळक दिसतो. 2022 मध्ये देशाचा खुनाचा दर पंचवीसच्या आसपास होता. पण माया संस्कृतीचे अवशेष पाहायला लोक ज्या युकातान राज्यात जातात, तिथला दर दोनच्या आसपास आहे, म्हणजे भारताइतकाच. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरच्या छोट्या कोलिमा राज्यात 2022 मध्ये हाच दर शंभराच्या वर होता. कोलिमातलं मान्सानियो हे मोठं बंदर आहे. अमली पदार्थ बनवायची रसायनं तिथून देशात येतात आणि त्यांच्या वाटेवर कब्जा कोणाचा यासाठी टोळ्या एकमेकांना मारतात. 2018 पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं देशांना सावधगिरीच्या चार पातळ्या देतं. मेक्सिकोसाठी मात्र ते राज्यागणिक वेगळी पातळी ठरवतं. युकातानला पहिली, म्हणजे नेहमीचीच काळजी घ्या. कोलिमाला चौथी, म्हणजे जाऊच नका.

कोण कोणाला मारतं?

खून हा प्रामुख्याने ओळखीतला गुन्हा आहे. 2021 मध्ये जगभर मारल्या गेलेल्यांपैकी 81 टक्के पुरुष होते. मारल्या गेलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणी नवरा, जोडीदार किंवा नातेवाइकाच्या हातून गेल्या. उरलेल्या खुनांतही टोळीयुद्ध, जमिनीचा वाद, दारूच्या अड्ड्यावरची बाचाबाची, जुनं वैर हीच कारणं पुन्हा पुन्हा येतात. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांच्या तिमाही अहवालात खुनाच्या ज्ञात कारणांमध्ये भांडण आणि गैरसमज हे कारण सतत वर असतं, आणि खुनांची गर्दी शनिवार-रविवारी होते.

पर्यटक या सगळ्या नात्यांच्या बाहेर असतो. त्याचं गावात वैर नाही, बांधावरून भांडण नाही, टोळीचा हिशेब नाही. त्याच्यासोबत आलेला जोडीदार हिंसक असेल तर गोष्ट वेगळी. पण तो धोका घरूनच सोबत आलेला असतो, त्याला देशाचा दोष देता येत नाही. म्हणून खुनाचा दर कितीही चढला तरी पर्यटकाचा धोका त्याच प्रमाणात चढत नाही.

यावरून 'पर्यटकाला काही होत नाही' असं म्हणणं म्हणजे दुसरं टोक गाठणं झालं. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये एक साधा विचार मांडला: गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी यायला लागतात. गुन्ह्याला तयार असलेला माणूस, त्याला सोयीचं सावज, आणि राखणदाराचा अभाव. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट पर्यटक स्वतःच पुरवतो. रोकड, कॅमेरा, पासपोर्ट अंगावर, रस्ता माहीत नाही, भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही आणि परवाचं परतीचं विमान. त्याच्या नात्यागोत्यात नसलेला खुनी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, पण लुटारूला तो लांबून ओळखू येतो.

हवाई बेटांवर मेडा चेस्नी-लिंड आणि इयन लिंड यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. त्यांनी छेद दुरुस्त केला. समजा, एखाद्या ठिकाणी वर्षाला दहा लाख पर्यटक येतात आणि सरासरी आठवडाभर राहतात. मग वर्षाचे सत्तर लाख पर्यटक-दिवस झाले. त्याला 365 ने भागलं की कुठल्याही दिवशी तिथे सरासरी एकोणीस हजार पर्यटक असतात. पर्यटकांवरच्या गुन्ह्यांना या एकोणीस हजारांनी भागायचं आणि मग स्थानिकांच्या दराशी तुलना करायची. अशा हिशेबाने हवाईत लूट आणि चोरी यांचा धोका स्थानिकांपेक्षा पर्यटकांना जास्त असल्याचं निघालं. दहा लाखांनी भागलं असतं तर धोका पन्नासपटीने कमी भासला असता. पर्यटन खाती 'लाखो पर्यटकांपैकी मोजक्यांनाच त्रास झाला' असं सांगतात तेव्हा त्यांनी हाच सोयीचा भागाकार केलेला असतो.

वाय आणि झेड

पर्यटक ओळखू आला की काय होतं, याचा धडा फ्लोरिडाने 1993 मध्ये घेतला. त्या काळी तिथल्या भाड्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर पहिलं अक्षर वाय किंवा झेड असे. सरकारी कारभाराच्या सोयीसाठी केलेली ही योजना मायामीच्या लुटारूंच्या पथ्यावर पडली. विमानतळाबाहेर उभं राहायचं, वाय-झेडची गाडी हेरायची, ती आडवाटेला लागली की मागून हलकेच धडक द्यायची. सभ्य माणूस अपघात झाला म्हणून खाली उतरतो. उतरला की लुटायचा. एप्रिल 1993 मध्ये मायामी बीचची वाट चुकलेली एक जर्मन स्त्री अशीच गाडीतून उतरली आणि आपल्या मुलांसमोर मारली गेली. सप्टेंबरमध्ये महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी एक ब्रिटिश पर्यटक मारला गेला, तो वर्षभराच्या आतला नववा परदेशी बळी होता.

फ्लोरिडात तेव्हा वर्षाला हजारावर खून होत. त्या मानाने नऊ ही संख्या किरकोळ. पण जर्मनी-ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांची पहिली पानं याच बातम्यांनी भरली आणि राज्याला परदेशातल्या आपल्या पर्यटन जाहिराती काही काळ थांबवाव्या लागल्या. त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं आहे. राज्याचा एकंदर खुनाचा दर खाली येईपर्यंत कोणी वाट पाहिली नाही. वाय-झेडच्या प्लेट बंद झाल्या. गाड्यांवरचे भाडे-कंपन्यांचे स्टिकर निघाले. विश्रांतिस्थळांवर रात्रंदिवस पहारेकरी बसले. विमानतळावरून मायामी बीचकडे जाणाऱ्या वाटेवर सूर्याच्या चित्राच्या मोठ्या केशरी खुणा लागल्या. वाचता येवो न येवो, सूर्यामागून गाडी हाकायची. पर्यटकांसाठी पोलिसांचं वेगळं पथक आलं. पर्यटकावरचा धोका देशाच्या दरापासून किती सुटा असतो आणि तो किती छोट्या, नेमक्या उपायांनी हलवता येतो, याचं याहून चांगलं उदाहरण शोधायला नको.

सुरक्षित देशातला पाकीटमार

आपल्याकडची मंडळी युरोपच्या सहलीला निघतात तेव्हा खुनाची भीती कोणाच्या मनात येत नाही आणि ते बरोबरच आहे. पण मराठी टूरवर सहलप्रमुखाचं पहिल्या दिवसाचं भाषण असतं ते पासपोर्टच्या पाऊचबद्दल. रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस, पॅरिसची मेट्रो, बार्सिलोनाचा ला रांब्ला रस्ता ही नावं त्या भाषणात हटकून येतात. 10 एप्रिल 2013 रोजी पॅरिसचं लूव्र संग्रहालय एक दिवस बंद राहिलं, कारण पाकीटमारांच्या टोळ्यांना आणि त्यांच्या दमदाटीला कंटाळून तिथल्या कर्मचाऱ्यांनीच काम बंद केलं होतं. स्पेनमध्ये 400 युरोंच्या आतली चोरी हा कायद्याने किरकोळ गुन्हा. पकडला गेलेला पाकीटमार बऱ्याचदा दंडावर सुटतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर कामाला लागतो.

या देशांचे चोरीचे आकडे मोठे दिसण्याचं आणखी एक कारण आहे. प्रवास विम्याचे पैसे हवे असतील तर पोलिसांचा कागद लागतो. पासपोर्ट गेला तर भारतीय दूतावासाकडून परतीच्या एकमार्गी प्रवासापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट काढावं लागतं, आणि तिथेही पोलिसांची नोंद मागतात. म्हणून युरोपात पर्यटक चोरी आवर्जून नोंदवतो. जिथे कागदाचा उपयोग नाही, भाषा कळत नाही आणि ठाण्यात दिवस मोडतो, तिथे तो निमूट विमान पकडतो. ज्या देशात तक्रार करणं सोपं, त्या देशाचा दर चढलेला दिसतो.

दप्तरात न आलेलं

भारताकडे परदेशी पर्यटकाच्या नजरेने पाहिलं तर हा मुद्दा बोचू लागतो. खुनाच्या दराच्या मोजपट्टीवर भारत अमेरिकेहून कितीतरी सुरक्षित ठरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात परदेशी नागरिकांवरच्या गुन्ह्यांची संख्या आहे 192. त्या वर्षी परदेशी पर्यटक आले सुमारे 64 लाख. म्हणजे लाखामागे तीन. एकट्याने भारत फिरलेल्या कुठल्याही परदेशी तरुणीला हा आकडा दाखवला तर ती हसेल. रेल्वेतला धक्का, बाजारातला स्पर्श, हॉटेलच्या दारावरची रात्रीची टकटक यांतलं काहीच ठाण्यापर्यंत जात नाही. मार्च 2024 मध्ये झारखंडच्या दुमका जिल्ह्यात दुचाकीवरून फिरणाऱ्या स्पॅनिश पर्यटक स्त्रीवर तंबूत सामूहिक बलात्कार झाला. मार्च 2025 मध्ये हंपीजवळ सणापूर इथे एका इस्रायली पर्यटक स्त्रीवर आणि तिच्या यजमान बाईवर अत्याचार झाला आणि कालव्यात ढकललेल्या सोबत्यांपैकी एकाचा जीव गेला. खुनाचा दर 2.1 असणं या स्त्रियांना काहीच सांगत नव्हतं.

शिवाय मोजण्याची रीत. आपल्याकडे एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी राष्ट्रीय आकडेवारीत त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. बलात्कार करून खून झाला तर तो खुनाच्या रकान्यात जातो. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हा विभाग स्वतःच आपल्या अहवालात बजावतो. पण बातमीत तेवढं वाक्य गळतं.

गोव्यातलं 2008 चं प्रकरण या दृष्टीने आठवण्यासारखं आहे. फेब्रुवारीत हणजुणेच्या किनाऱ्यावर एका पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आधी हा बुडून झालेला मृत्यू ठरवला. आईने पाठपुरावा सोडला नाही, म्हणून दुसरं शवविच्छेदन झालं. अंगावरच्या असंख्य जखमा पुढे आल्या आणि गुन्हा दाखल झाला. खालच्या न्यायालयाने 2016 मध्ये आरोपींना सोडलं, मग 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांतल्या एकाला दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा सुनावली. आई गप्प बसली असती, तर त्या वर्षीच्या आकडेवारीत हे प्रकरण समुद्राच्या खात्यावर पडलं असतं आणि गोव्याचा गुन्ह्यांचा दर तेवढाच स्वच्छ दिसला असता.

पर्यटक मरतो कशाने?

अमेरिकेत 2002 पासून एक कायदा आहे. परदेशात अनैसर्गिक कारणाने मेलेल्या प्रत्येक अमेरिकी नागरिकाची नोंद, देश आणि कारणासह, परराष्ट्र खात्याला जाहीर करावी लागते. या यादीत पर्यटक आणि तिथे स्थायिक झालेले असे वेगळे केलेले नसतात, तरी कल कळतो. बहुतेक वर्षी रस्ते अपघात पहिल्या क्रमांकावर असतात आणि पाण्यात बुडणंही वरच्या कारणांत असतं. थायलंडला निघालेला माणूस तिथल्या गुन्हेगारीची चौकशी करतो आणि उतरल्या दिवशी हेल्मेटशिवाय भाड्याची स्कूटर घेतो. थायलंडचे रस्ते जगातल्या सर्वांत जीवघेण्या रस्त्यांत मोडतात.

आइसलँड हा जागतिक शांतता निर्देशांकात 2008 पासून पहिल्या क्रमांकावर आहे. तिथले पोलिस नेहमीच्या गस्तीवर पिस्तूल बाळगत नाहीत. तिथल्याच रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्या कित्येक पर्यटकांना अचानक आत घुसणाऱ्या लाटांनी ओढून नेलं आहे. 2022 मध्ये तिथे इशाऱ्याचे रंगीत दिवे लावावे लागले. गोव्यात हे आपल्या ओळखीचं आहे. पावसाळ्यात लाल बावटा लावलेल्या पाण्यात उतरणारे लोक गोव्यात रात्री फिरणं सुरक्षित आहे का, हे मात्र आधी विचारून आलेले असतात.

भिंतीच्या दोन्ही बाजू

शेवटी जमैका, कारण तिथे हा सगळा विषय एका गावात दिसतो. 2022 मध्ये जमैकात जवळजवळ पंधराशे खून झाले. अठ्ठावीस लाख वस्तीच्या देशात हा दर पन्नासच्या वर जातो. पुढच्या वर्षांत तो झपाट्याने उतरला. पण त्याच्या आधीचं 2017 हे वर्ष माँटेगो बेसाठी फार वाईट होतं. हे शहर ज्या सेंट जेम्स परगण्यात येतं, तिथे त्या वर्षी सव्वातीनशेहून अधिक खून झाले. परगण्याची लोकसंख्या दोन लाखांच्याही आत. अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करून लॉटरी लागल्याची थाप मारायची आणि पैसे उकळायचे, हा तिथल्या टोळ्यांचा धंदा. कोणाला फोन करायचा त्या याद्यांवरून आणि लुटीच्या वाटपावरून टोळ्या एकमेकींवर उठल्या होत्या. त्याच वर्षी क्रूझ धरून चाळीस लाखांहून अधिक पर्यटक जमैकात आले आणि बहुसंख्य जण समुद्रकिनाऱ्यावर उन्हं खाऊन सुखरूप परतले.

जानेवारी 2018 मध्ये सरकारने सेंट जेम्समध्ये आणीबाणी जाहीर करून लष्कर उतरवलं. ब्रिटनने आपल्या पर्यटकांना रिसॉर्टच्या आवारातच राहायचा आणि बाहेर पडायचं तर खात्रीच्या गाडीने जायचा सल्ला दिला. पर्यटकासाठी एवढं पुरेसं होतं. रिसॉर्टला भिंत असते, फाटकावर पहारा असतो, जेवण-दारू-समुद्र सगळं आतच असतं. खोली झाडणारी बाई आणि जेवण वाढणारा पोरगा मात्र पाळी संपली की भिंतीबाहेरच्या वस्तीत परत जातात. लष्कराची नाकी त्यांच्या गल्लीत होती. आरोपपत्राशिवाय ताब्यात घेतले गेलेले शेकडो तरुण त्यांच्याच घरांतले होते.

एल साल्वादोरमध्ये हेच देशपातळीवर झालं. 2015 मध्ये तिथला खुनाचा दर शंभराच्या वर होता. मार्च 2022 पासून आणीबाणी आली, ऐंशी हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले आणि सरकारी हिशेबाने 2023 चा दर 2.4 वर उतरला. पोलिसांच्या गोळीने झालेले मृत्यू या हिशेबात धरले जात नाहीत. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने एल साल्वादोरला पहिली, सर्वांत निर्धास्त पातळी दिली; फ्रान्स तेव्हा दुसऱ्या पातळीवर होता. लाटांवर तरंगायला गेलेल्या परदेशी तरुणाच्या दृष्टीने ही पातळी योग्यच आहे. टोळीवाला असल्याच्या नुसत्या संशयावरून ज्यांचा मुलगा उचलला गेला आणि खटला उभा राहिला नाही, त्या घराला या पातळीचा अर्थ वेगळा लागतो.

म्हणून परदेशवारी ठरवताना देशाच्या दराऐवजी बारीक गोष्टी विचाराव्यात. मुक्काम कुठल्या भागात आहे, विमानतळावरून तिथे कुठल्या रस्त्याने जायचं आहे, विमान रात्री किती वाजता उतरतं, तिथे पर्यटकांवर कुठल्या प्रकारचे गुन्हे होतात, सोबत स्त्रिया असतील तर तिथे जाऊन आलेल्या स्त्रिया काय सांगतात, आणि काही झालं तर कागद कुठे मिळेल. पाण्याचा आणि रस्त्याचा धोका यादीत सर्वांत वर लिहावा. खुनाचा दर यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. त्या देशात जन्मून तिथेच आयुष्य काढणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं आहे, एवढंच तो सांगतो, आणि ते खरं असतं. सहलीचा बेत आखताना तो बाजूला ठेवता येईल; त्या देशाबद्दल मत बनवताना ठेवता येणार नाही.